मुलाला 'हिरो' व्हायचंय? मग तुरीचं तास उपटू नका!



सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत ७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा सोहळा झाला. साडी नेसलेली चिमुकली त्रिशा ठोसर राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घ्यायला मंचावर गेली आणि तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेला. 'नाळ २' या चित्रपटासाठी तिच्यासोबत श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप यांनाही उत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. 'जिप्सी' या चित्रपटासाठी कबीर खंदारेला मिळाला. त्या वर्षी या पुरस्काराचे एकूण पाच मानकरी होते आणि त्यातले चार मराठी चित्रपटांतले होते. त्यातला श्रीनिवास तर अमरावतीचा, म्हणजे आपल्या वऱ्हाडातला पोरगा.

असं काही घडलं की वर्गात हमखास एक हात वर येतो. "सर, मले बी पिच्चरमधी काम कराचं हाय." बाकीची पोरं हसतात. आणि शाळा सुटताना फाटकाजवळ एखादे पालक हळूच विचारतात, "सर, पोरगं लय भारी नाचते. त्याले कुठी घालावं?"

या दोन्ही प्रश्नांना आपल्याकडे साधारण दोनच ठरलेली उत्तरं असतात. पहिलं उत्तर, "पहिले दहावी पास हो, मंग पाहू." दुसरं उत्तर अगदी उलटं. मोबाइल घ्यायचा, रोज दोन रील टाकायचे आणि पोरगं आजउद्या 'फेमस' होणार म्हणून वाट पाहायची. माझं स्पष्ट मत आहे की ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. पहिल्यात मुलाची इच्छा मारली जाते. दुसऱ्यात इच्छा तशीच राहते, पण या धंद्यात किती वाट पाहावी लागते, किती वेळा नकार ऐकावा लागतो हे त्याला कोणी सांगतच नाही. मग तिसरं उत्तर कोणतं? तेच आज आपल्यासमोर मांडतो.

आपल्याला जे दिसतं आणि जे दिसत नाही

'नाळ' हा पहिला चित्रपट २०१८ मध्ये आला. त्यातल्या चैत्याच्या भूमिकेसाठी श्रीनिवासला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला तो २०१९ मध्ये. त्या वर्षी देशभरातल्या चार मुलांना मिळून तो पुरस्कार होता. त्यानंतर 'नाळ २' आला २०२३ मध्ये आणि त्याचा पुरस्कार जाहीर झाला २०२५ मध्ये. म्हणजे दोन पुरस्कारांच्या मध्ये सहा वर्षं गेली. आपण मोबाइलवर काय पाहतो? मंचावरचं एक मिनिट. सहा वर्षं काही कोणी रीलमध्ये टाकत नाही.

सहा वर्षं म्हणजे आपल्या भाषेत पहिलीतलं पोरगं सातवीत जातं. त्या काळात त्याचा आवाज बदलतो, उंची वाढते, चेहरा बदलतो. ज्या निरागसपणामुळे दिग्दर्शकाने त्याला निवडलं, तो निरागसपणाच मागे पडतो. बालकलाकाराची मोठी अडचण हीच असते. ज्या गुणामुळे काम मिळालं तो गुण वयाबरोबर जाणार असतो, आणि त्यात मुलाचा काही दोष नसतो.

दुसरं उदाहरण आपल्या सर्वांना माहीत असलेलं. अकलूजची रिंकू राजगुरू. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा ही मुलगी शाळेतच होती. चित्रपट लागायच्या आधीच तिला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला होता. नंतर काय झालं ते आपण पाहिलंच. साधं घराबाहेर पडणं कठीण झालं. नियमित शाळेत जाणं अवघड झालं म्हणून २०१७ मध्ये तिने दहावीची परीक्षा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली आणि साधारण ६६ टक्के मिळवले. २०१९ मध्ये बारावीत तिला ८२ टक्के मिळाले. लक्षात घ्या, शंभर कोटींच्या घरात गेलेल्या सिनेमाची नायिका असूनही तिने परीक्षा सोडली नाही. तिचे आईवडील दोघंही शिक्षक आहेत. त्यांनी लेकीला सिनेमाही करू दिला आणि अभ्यासही सुटू दिला नाही. मला वाटतं, आपण पालकसभेत सांगायला हवी ती गोष्ट ही आहे. आपण मात्र फक्त 'झिंगाट' वाजवतो.

या धंद्याचा स्वभाव मुलांना सांगितला पाहिजे

आपण मुलांना शिक्षक, पोलीस, डॉक्टर, तलाठी ही कामं कशी असतात ते सांगतो. कलाकाराचं काम कसं असतं हे कोणी सांगत नाही. म्हणून त्यांना ते काम म्हणजे मेकअप, गाडी आणि टाळ्या एवढंच वाटतं.

खरी गोष्ट अशी आहे की या क्षेत्रात काम दर वेळी संपतं. शिक्षकाची नोकरी लागली की दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळाच असते. कलाकाराची मालिका बंद झाली, नाटकाचे प्रयोग थांबले, सिनेमाचं शूटिंग आटोपलं की तो पुन्हा बेकार. पुढचं काम कधी मिळेल, मिळेल की नाही, हे त्याच्या हातात नसतं. नामवंत माणसालाही हे चुकलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती आपल्या शिक्षकांच्या कामाची आहे. शाळेत आपण मुलांना पास-नापास शिकवतो. अभ्यास केला, उत्तर बरोबर आलं, गुण मिळाले. वर्गातल्या तीसच्या तीस मुलांना चांगले गुण मिळू शकतात, एकाच्या पास होण्याने दुसरा नापास होत नाही. निवड चाचणीत, म्हणजे ऑडिशनमध्ये, तसं नसतं. समजा एका भूमिकेसाठी वीस मुलं आली आणि वीसही चांगली आहेत. तरी घ्यायचं एकालाच. दिग्दर्शकाला सावळं, थोडं हट्टी दिसणारं, दहा वर्षांचं पोरगं हवं असेल तर गोरंगोमटं, छान बोलणारं बारा वर्षांचं पोरगं परत जाणार. ते नापास झालं का? नाही. त्याची तिथे गरज नव्हती, एवढंच.

मोठ्या माणसालाही हे समजायला वेळ लागतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला तर वाटतं, "मी वाईट आहे, म्हणून मला घेतलं नाही." त्यात बापाने बसमध्ये बसल्याबसल्या म्हटलं, "एवढा खर्च केला, तुले साधं बोलता आलं नाही," की मग विचारूच नका. ज्या मुलाला ऑडिशनला न्यायचं आहे त्याला जाण्याआधीच हा फरक समजावून सांगितला पाहिजे. आणि समजत नसेल इतकं ते लहान असेल, तर न्यायची घाई करू नये.

आता आपल्या शेताकडे पाहू

आपला वाशीम जिल्हा सोयाबीनचा. रिसोड असो, मालेगाव असो, मंगरुळपीर, कारंजा की मानोरा, कोरडवाहू शेतात सोयाबीनच्या मधात तुरीचं तास असतंच. सोयाबीनची चार-सहा तासं, मग तुरीचं एक तास. का बरं पेरतो आपण असं? पाऊस कसा पडेल, भाव काय मिळेल हे कोणालाच माहीत नसतं म्हणून. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येतं. त्याच्यावर उधारी फिटते, रब्बीचं बियाणं येतं. तूर मात्र उभीच असते. तिला वेळ लागतो. तिची मुळं खोल जातात आणि ती थेट संक्रांतीच्या मागेपुढे हाती येते.

अनिश्चिततेत कसं जगायचं हे शेतकऱ्याच्या घराला कोणी पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ येऊन शिकवायला नको. आपल्या घरात ते शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त पोराने "मला कलाकार व्हायचंय" म्हटलं की आपण ते विसरतो. कोणी म्हणतो, तूर पेरूच नको. कोणी म्हणतो, सोयाबीन नको, सगळं वावर तुरीचंच कर आणि वर कर्जही काढ.

माझ्या मते कला हे तुरीचं तास आहे. शिक्षण आणि पोटापाण्याचं साधन हे सोयाबीन. दोन्ही एकाच वावरात, एकाच वेळी वाढू शकतात. हा माझा नुसता कल्पनाविलास नाही. मराठी कलाकारांचे जीवनप्रवास पाहा.

अशोक सराफ यांना आपण सगळे 'अशोकमामा' म्हणून ओळखतो. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे अशोकमामा कित्येक वर्षं स्टेट बँकेत नोकरी करत होते आणि नोकरी सांभाळूनच नाटकं करत होते. निळू फुले पुण्यातल्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि सेवादलाच्या कलापथकात काम करायचे. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने त्यांचं नाव झालं आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'ने ते सिनेमात आले. दादा कोंडके मुंबईत 'अपना बाजार'मध्ये नोकरीला होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. त्यांनी १९६९ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ रंगभूमीचा निर्णय घेतला. 'नटसम्राट' त्याच्या पुढच्या वर्षी, १९७० ला रंगमंचावर आलं.

यातल्या कोणाचीही तूर सोयाबीनने मारली नाही. उलट महिन्याच्या पगारामुळे त्यांना पडेल ती भूमिका घ्यावी लागली नाही, थांबता आलं, शिकता आलं.

आणि ज्यांच्याकडे दुसरं साधन नव्हतं त्यांचं काय झालं? विठाबाई नारायणगावकर हे तमाशातलं केवढं मोठं नाव! त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आज राज्य शासनाचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. पण त्यांची शेवटची वर्षं हलाखीत गेली. २००२ मध्ये त्या गेल्या. टाळ्या आणि मानसन्मान मिळाले म्हणजे म्हातारपणाची सोय झाली असं होत नाही. वृद्ध कलावंतांसाठी सरकारला मानधन योजना चालवावी लागते, यातच सगळं आलं.

झाडीपट्टीकडून शिकण्यासारखं

कलाकार व्हायचं म्हणजे मुंबईलाच गेलं पाहिजे, असंही काही नाही. आपल्याच विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी आहे. धानाची कापणी झाली की दिवाळीपासून पुढे होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे त्याचं केंद्र. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत, गावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात. नट, गायक, तबलावाले, पडदेवाले, मंडपवाले अशा कितीतरी लोकांना त्यातून काम मिळतं. याच रंगभूमीवर आयुष्यभर काम करणाऱ्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यासाठी त्यांना मुंबईला जाऊन राहावं लागलं नाही.

गंमत पाहा, झाडीपट्टीचा हंगाम शेतीच्या हंगामाला जोडलेला आहे. अनेक कलाकार नाटकाच्या दिवसांत नाटक करतात आणि बाकीच्या दिवसांत शेती किंवा दुसरं काम करतात. पुन्हा आलं ना आंतरपीक?

"दोन डगरींवर पाय ठेवून काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी

हा आक्षेप खोटा नाही. ज्याला मोठं काही करायचं असतं तो कधीतरी सगळं सोडून त्यात उतरतो. डॉ. लागूंनीही डॉक्टरकी सोडलीच. पण त्यांनी ती कधी सोडली ते बघा. शिक्षण पूर्ण झालेलं, हातात विद्या, वर्षानुवर्षं हौशी रंगभूमीवर काम करून आपल्याला काय येतं याची खात्री झालेली. तो निर्णय एका प्रौढ माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर घेतला होता.

आपण बोलतो आहोत ते दहा-बारा वर्षांच्या लेकराबद्दल. त्याच्या वतीने 'सगळं सोडायचा' निर्णय आपण घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने जुगार खेळणं आहे. ते पोरगं पंचविशीचं होईल, पदवी किंवा एखादं कौशल्य त्याच्या हाती असेल, आणि तेव्हा ते म्हणेल की मला दोन-तीन वर्षं मुंबईत राहून प्रयत्न करायचा आहे, तर जरूर करू द्या. किती वर्षं प्रयत्न करायचा आणि राहण्या-खाण्याचा खर्च कुठून येणार, एवढं मात्र आधी बसून ठरवा.

याच्या उलट बाजूही सांगतो. दिवाळीला तुरीला शेंगा नाहीत म्हणून ती उपटून टाकणारा शेतकरी तुम्ही पाहिला आहे का? पण पोरगं नववीत गेलं की आपण तबला बंद करतो, मुलगी मोठी झाली की नाच बंद करतो. "आता अभ्यासाचं वर्ष आहे." अहो, आठवड्यातला दोन तासांचा तबला अभ्यास बुडवत नाही. मोबाइल बुडवतो. मुलींच्या बाबतीत तर "लोक काय म्हणतील" हे अजून संपलेलं नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही म्हणून ते अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली. आता तरी आपण पुढे यायला हरकत नाही.

पालकांनो, कायदा माहीत करून घ्या

खरंच एखाद्या मुलाला काम मिळालं तर? आनंदच आहे. पण चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. मनोरंजन क्षेत्रातल्या बालकलाकारांना त्यातून सवलत आहे ती अटींवर. २०१६ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०१७ चे नियम यांतल्या मुख्य गोष्टी प्रत्येक शिक्षकाने आणि पालकाने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत:

१. जिथे शूटिंग किंवा कार्यक्रम होणार आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची, परवानगी निर्मात्याने घ्यायची असते.

२. मुलाला दिवसातून पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. विश्रांती न देता सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.

३. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही आणि मुलाच्या शाळेत खंड पडू नये याची सोय निर्मात्याने करायची असते.

४. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची असते.

५. मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकायची असते. ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते.

६. मुलाच्या इच्छेविरुद्ध, त्याच्या संमतीशिवाय त्याला काम करायला लावता येत नाही.

सहावा मुद्दा पुन्हा वाचा. मुलाची इच्छा! आपण घरी रील करताना तरी लेकराला विचारतो का? ते झोपेला आलेलं असतं, भूक लागलेली असते, आणि आपण म्हणतो, "एकदाच कर, हे नीट नाही आलं." सिनेमावाल्याला जो नियम लागतो तो आपल्या घरातही मनापासून पाळायला काय हरकत आहे?

फसवणुकीपासून सावध

तालुक्याच्या गावापर्यंत आता "ऑडिशन"च्या जाहिराती येतात. मोठ्या मालिकेचं नाव घेतात, मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवतात, आधी नोंदणीचे पैसे, मग फोटोंच्या अल्बमचे, मग 'कार्डा'चे, मग मुंबईला राहायचे. साधी खूण सांगतो. काम देणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. शिकवणी लावली तर तिची फी असेल, ते समजण्यासारखं आहे. पण "काम देतो, आधी पैसे भरा" म्हटलं की तिथूनच परत फिरायचं. मुलाला एकट्याने आत पाठवा म्हणाले, किंवा पालकांना थांबू देत नसतील, तरीही परत फिरायचं. सोयाबीनच्या पैशातून असं काही भरण्याआधी शाळेत येऊन एकदा विचारा. गुरुजींना सिनेमातलं फार कळत नसेल, पण कागद नीट वाचता येतो.

मग शाळेने काय करायचं?

इथे आपण शिक्षकांनी स्वतःकडे बघायला हवं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत कलेचा स्वतंत्र शिक्षक नसतो, हे खरं आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी अंशकालीन कला निदेशक आहे, पण तोही शंभरपेक्षा जास्त पटाच्या शाळेला. लहान शाळांना तेही नाही. तरी आपल्या हातात बरंच काही आहे.

स्नेहसंमेलनात तीच पाच-सहा चुणचुणीत मुलं नाचतात, बाकीची सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. हे बदलू या. चालू सिनेमाच्या गाण्यावर हातवारे करून घेण्यापेक्षा पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या धड्याचं नाटक बसवू या. संवाद मुलांनाच लिहू द्या. वर्गातल्या प्रत्येकाला काम द्या. एक जण पडदा ओढेल, एक जण आवाज काढेल, एक जण कोणाच्या हातात केव्हा काय द्यायचं याची यादी सांभाळेल, एक जण विसरलेल्याला मागून संवाद सांगेल. सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावांची लांबच लांब यादी येते, आपण तेव्हा उठून निघतो. मुलांना एकदा ती यादी वाचायला लावा. संकलन, ध्वनी, प्रकाश, वेशभूषा, छायाचित्रण, लेखन. नट होता आलं नाही तरी या क्षेत्रात किती कामं आहेत हे त्यांना तेव्हा कळेल. लाजाळू पोरगं कदाचित उत्तम ध्वनिमुद्रक होईल.

भाषेचंही तसंच. वर्गात मूल वऱ्हाडी बोललं की आपण लगेच दुरुस्त करतो. प्रमाण मराठी यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण 'चला हवा येऊ द्या'मधून भारत गणेशपुरे यांनी आपली वऱ्हाडी घराघरांत नेली, आणि २०२२ च्या 'झुंड'मध्ये नागपूरची पोरं आपल्याच बोलीत बोलली, ते आपण कौतुकाने पाहिलं. मग वर्गातल्या वऱ्हाडीची लाज कशाला? ज्याला दोन्ही येतात त्याच्याकडे एक हत्यार जास्त असतं.

पुढची वाटही मुलांना माहीत असू द्या. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा असते. महाविद्यालयात गेल्यावर अमरावती विद्यापीठाचा युवा महोत्सव आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. दिल्लीची राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही संस्था १९५९ पासून आणि पुण्याची चित्रपट संस्था १९६० पासून आहे. दिल्लीला प्रवेशासाठी पदवी लागते. म्हणजे ज्याला खरंच नट व्हायचंय त्यालाही शिकावं लागतंच, हे मुलांना या एका अटीवरून छान पटवून देता येतं.

आणि हो, कलेची आपल्याला परकी वाटण्याचं कारणच नाही. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. इथल्या सर्वसेन राजाने 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं होतं. राज्यही केलं आणि काव्यही लिहिलं! आंतरपिकाची पद्धत आपल्याकडे फारच जुनी म्हणायची.

शेवटी एवढंच

पुढच्या वेळी वर्गात हात वर आला आणि पोरगं म्हणालं, "सर, मले हिरो व्हाचं हाय," तर हसू नका आणि उगाच हरभऱ्याच्या झाडावरही चढवू नका. त्याला विचारा, "तुला काय करून दाखवता येतं?" ते जे दाखवेल ते मन लावून पाहा. मग सांगा, "आवडलं. आता हेच पुढच्या शनिवारी आणखी चांगलं करून दाखव." पुढच्या शनिवारी त्याने आपणहून करून दाखवलं, त्याच्या पुढच्याही शनिवारी दाखवलं, तर समजा की बी रुजलं आहे. नाही दाखवलं तरी काही बिघडलं नाही, बालपणी दहा इच्छा येतात आणि जातात.

रुजलं असेल तर पालकांना बोलावून तीन गोष्टी सांगा. शाळा सुटू देऊ नका, कर्ज काढू नका आणि सराव थांबवू नका. उद्या ते मूल पडद्यावर दिसेल की नाही हे तुम्ही-आम्ही कोणीच सांगू शकत नाही. पण चारचौघांत उभं राहून न घाबरता बोलणं, दहा जणांसोबत मिळून एक काम तडीस नेणं, आणि नकार आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहणं एवढं तरी त्याला नक्की येईल. सिनेमात गेलं तरी ते लागतं, आणि गावात राहून कृषी केंद्र टाकलं तरी लागतं.

तेव्हा सोयाबीन नीट सांभाळू या, आणि तूर थोडी उशिरा येते म्हणून धीर सोडू नका.